जोर पडला की

चाळीसपर्यंत काही नाही.
पन्नासला पाय दाबला की
सीटखालून थरथर वर येते.
पाय काढला की गप्प.
डॉक्टरसमोर ताप उतरावा तशी.

दोनदा बॅलन्सिंग झालं. चारही प्लग बदलले.
ऐरोलीतला एक जण तर म्हणाला,
"मॅडम, रस्ताच तसा आहे."

रबाळ्याचा बाळाराम मढवी बॉनेट उघडत नाही.
बाजूला बसतो, चप्पल काढतो,
अनवाणी पाऊल गाडीच्या तळाला टेकवतो.
"पुलावर घ्या. तिसऱ्यातच राहा. आता दाबा."
डोळे मिटतो.
"सोडा."
"परत दाबा."
मग कुणाची तरी नाडी सापडल्यासारखा:
"टायर नाय, प्लग नाय.
जोर पडला की बोलते ती."

जॅकवर चढवून दाखवतो.
आतल्या जॉइंटचा रबरी बूट फाटलेला,
ग्रीस उडून चेसिसला चिकटलेलं,
त्या जागी खाणीच्या रस्त्यावरची कच.
जुन्या जॉइंटच्या खोबणीत
माझं नख अडकतं.

"किती दिवस चालवली अशी?"
"गणपतीपासून," मी म्हणते.
होळीपासून.

संध्याकाळी ठाणे-बेलापूर रोड.
पन्नास. साठ.
काही नाही.
सत्तरला लक्षात येतं,
दाढा अजून आवळलेल्याच आहेत.