उजेड पाडणे

शाळेत गुरुजी म्हणायचे,
काय उजेड पाडलास रे, मुंजाजी.
आता लातूरच्या पलीकडं, धावपट्टीच्या कडेला
रात्रपाळीला उभा असतो मी,
दोन हातांत दोन नारंगी कांड्या,
आणि उजेड दुसरे पाडतात.

विमान लहान, शिकाऊ.
डाव्या पंखाला तांबडा दिवा, उजव्याला हिरवा;
ते बिचारे आपल्या जागी गुमान जळतात.
पण टोकाला तो पांढरा,
खाडकन उघडतो, मिटतो.
खाडकन.
जुन्या एमआयडीसीत वेल्डिंगकडं बघू नको म्हणायचा भाऊ,
तसला.

कॅप्टन हालगे पोरांना पहिल्याच रात्री सांगतात:
पट्टीवर चढलात की लावा,
पट्टी सोडली की विझवा.
जागा तुमची, तेवढाच वेळ तो उजेड तुमचा.

प्रणिता टेकाळे विसरायची.
तशीच लखलखत यायची थेट माझ्यासमोर.
डोळे मिटले तरी पापणीच्या आत
जांभळा डाग, भोपळ्याएवढा,
चाकाखाली ठोकळा लावायचा तो चाचपून.
ताई, डोळे दिपायलेत की माझे, म्हणालो एकदा.
तिनं कान पकडले.
दुसऱ्या रात्री पुन्हा तेच.

त्या झपक्यात एकदा ससा दिसला
पट्टीच्या या कडेला.
अंधार.
मग त्या कडेला.
मधलं धावणं मी बघितलंच नाही.

मग येळवस आली.
दिवसभर शेतं माणसांनी भरलेली, आंबील, भज्जी,
सांजेला हेंडगे पेटवून पिकाभोवती फिरवले
आणि सगळे गावात परतले.
अवसेची रात्र. कुंपणाबाहेर फक्त ज्वारी
आणि राखणीला एक म्हातारा, मफलर गुंडाळून.

ती उतरली, आणि टायर गेलं.
फाटक्या पत्र्यासारखं फरफटत
विमान पट्टीच्या मधोमध बसलं.
माझ्या हातातला रेडिओ नुसता खरखरला.
पूर्वेला दुसरा दिवा खाली येत होता,
खाली,
आणखी खाली.

पट्टीवर तेवढं एकच बोलत होतं:
खाडकन. खाडकन.

वरच्यानं नाक उचललं.
आवाज डोक्यावरून गेला,
टोपी हातानं धरावी लागली.

मी पळालो. आयुष्यात पहिल्यांदा
त्या उजेडाच्या दिशेनं,
कपाळावर तळहात धरून,
झपक्यात पाऊल टाकत, अंधारात थांबत.
दार उघडलं तर तिचे गुडघे थडथडत होते.
काका, म्हणाली, बंद करू का?
तुमचे डोळे...

राहू दे, म्हणालो.

आम्ही दोघं गाडीची वाट बघत
पंखाखाली बसलो, दिसत, नाहीसे होत.
तेवढ्यात कुंपणापलीकडून तो म्हातारा ओरडला:
ओ, वरात कुणाची हाय?