शेवटची पंगत

पाहुणे यायच्या आधी आमच्याकडे रस्ता एकच होता.
अजूनही एकच आहे.
डावीकडे समुद्र, उजवीकडे आतला निवांत समुद्र,
मध्ये माजुरो,
चालता चालता कुणाच्या हातून पडलेल्या
काथ्याच्या दोरीएवढं.
त्यावर धावपट्टी कुठे मावणार, हे विचारायचं नाही
असं ठरलं होतं.
मावली.
थोडी जागा समुद्राकडून उसनी घेतली.
समुद्र हिशेब ठेवतो, ते आम्हाला ठाऊक आहे.

शाळेचे वर्ग रिकामे केले, बाकं अंगणात काढली.
फळ्यांवर खडूने नावं: याप, कोस्राए, पलाऊ, ग्वाम.
निमातने घरातल्या साऱ्या गाद्या दिल्या
आणि दहा रात्री केवड्याच्या चटईवर झोपली.
म्हणाली, पाठ सुधारली.
टाक्यांतलं पावसाचं पाणी आधी त्यांच्या अंघोळीला.
आम्ही पहाटे खाडीत बुडी मारून यायचो
आणि दिवसभर खारट कातडीने
येईल त्याला हसून यॉक्वे म्हणायचो.

मी स्वयंपाकघरात होते.
कोण जिंकलं ते मला ताटांवरून कळायचं.
हरलेले भात चिवडतात.
जिंकलेले दुसऱ्यांदा येतात, कुप्याची तुकडी मागतात,
पदक रश्श्यात बुडू नये म्हणून
पाठीवर टाकतात.
आमची पोरं रांगेत दिसतच नव्हती.
यजमानाने मागून जेवायचं, हे कुणी शिकवलं नव्हतं,
सगळ्यांना येत होतं.

यजमान म्हटलं की प्रत्येक खेळात एक तरी नाव हवं,
समितीची तशी चिठ्ठीच आली होती.
म्हणून टपालातला बोकार चार महिन्यांत भाला शिकला:
सरावाला मैदान नाही, ओहोटीला खडकांवर फेकायचा,
भरतीच्या आत शोधून आणायचा.
म्हणून हर्टिनाची धाकटी ज्युडोत उतरली
आणि अकरा सेकंदांत परत आली.
‘पोशाख छान आहे,’ एवढंच बोलली.
म्हणून बस चालवणारा लांगमोज, वय एकेचाळीस,
दहा हजार मीटरला.
पंचवीस फेऱ्या.
त्याला वाटलं, बसच्या असतात तशाच.

अगदीच हात हलवत बसलो असं नाही.
पाण्याखाली मासे मारण्यात रौप्य मिळालं,
त्या दिवशी गोदीपासून चर्चपर्यंत गाड्यांचे भोंगे
आणि तो मासा मीच तळला.
नारळ सोलण्यात मात्र चौथे.
त्यावर अजून कुणी घरात बोलत नाही.

शेवटच्या संध्याकाळी
भाताचं भांडं मंद आचेवर ठेवून मी कुंपणाशी गेले.
पहिला पोचला तेव्हा लांगमोजच्या सहा फेऱ्या उरलेल्या.
दुसरा पोचला. तिसरा. बाकीचेही.
विमान रात्रीचं, उशीर नको,
म्हणून चौथरा लगेच मांडला, गाणं लावलं,
त्यांच्या देशाचं.
लांगमोज पलीकडच्या वळणावर होता.
थांबला.
हात छातीशी, मान ताठ, धापेने अख्खा हलत,
गाणं संपेपर्यंत उभा राहिला
आणि मग पुन्हा धावू लागला.
कुणी हसलं नाही. ओरडलंही नाही.
वेळ मोजणाऱ्या बाईने घडी केलेली खुर्ची
पुन्हा उलगडली.

रेषेवरून तो सरळ बसकडे गेला.
किल्ली त्याच्याकडेच होती.
छातीवर नंबर तसाच, टाचण्यांसकट.
मागे ग्वामची पोरं एकमेकांच्या खांद्यावर झोपलेली
आणि प्रत्येक खड्ड्याला
पिशव्यांतली पदकं वाजत होती.
हे त्याने मला मागच्या दाराशी सांगितलं.
म्हणाला, एकही खड्डा चुकवला नाही.

भांड्याच्या तळाशी खरवड राहिली होती,
तांबूस, करकरीत.
उलथन्याने सोडवून त्याच्या ताटात घातली.
उभ्यानेच खाऊ लागला.
बस की, म्हटलं.
‘बसलो तर उठायचा नाही,’ म्हणाला,
आणि ताट पुढे केलं,
दुसऱ्यांदा.