हललेला नकाशा

परळ. तळघर. रात्रीचे पावणेदहा.
पेसमेकर? स्क्रू? डोळ्यात कधी लोखंडाचा कण?
भिकाजी घाडीगावकर, एकाहत्तर,
पाणीखात्यात चावीवाले होते.
करगोट्यातली पेटी सोडून सुनेच्या हातात देतात,
मग खिसे चाचपतात:
"मोठी चावी खात्यात जमा केली ना गं?"

साधं चित्र पाच मिनिटांत येतं,
राखाडी, सभ्य, काहीच न बोलणारं.
म्हणून लांबचा क्रम लावलाय:
ठिपक्या-ठिपक्यातल्या पाण्याला धक्का द्यायचा,
सावरायला किती मिलिसेकंद घेतं ते मोजायचं,
कुठे धाग्यांच्या कडेने सरळ जातं,
कुठे गंज धरल्यासारखं लोह साचलंय.

पडद्यावर रंग चढतात.
लाल आडवा, निळा उभा, हिरवा पुढून मागे.
कानशिलाच्या आत मात्र
रंग फिके. पाणी चहूकडे सांडलेलं.

"काका, बरं आहे ना?"
"हा हवेचा ठोका बाई,
रिकामी लाईन भरताना अशीच ठोकते.
आंबेवाडी चार-वीस. काळाचौकी पावणेपाच.
मग डावीकडे वळायचं, शाळेच्या भिंतीला लागून,
मग..."

ठोके चालूच.

"मग लोकांच्या बादल्या वाजतात,"
म्हणाले, आणि मान वळवली.

सात मिनिटं वाया. रेषा सगळ्या दुहेरी.
"काका, आता बोलायचं नाही हं."
दुसऱ्यांदा ते दगडासारखे पडून राहिले.
डॉक्टरांकडे तोच गेला, स्वच्छ.

हललेला पुसायचा असतो. नियम आहे.
अजून पुसला नाही.