नकाशातली चूक

मी नळ अंथरतो, जमिनीखाली.
माझं काम संपलं की वर सिमेंट पडतं
आणि मग मला कोणी विचारत नाही.

योंगजूच्या नव्या वाचनालयात
नियमाप्रमाणे दोन नळांत वीस सेंटीमीटर,
म्हणजे गरम पाणी फिरलं की सगळीकडे ऊब सारखी.
पण ईशान्येच्या कोपऱ्यात नकाशावरच्या रेघा
थंडीत कुडकुडणाऱ्या पोरांसारख्या
एकमेकींना बिलगलेल्या.
आठ सेंटीमीटर.
मी फोन लावला. म्हटलं, बाई, चूक झालीय.
ग्योन ह्ये-रिम म्हणाल्या, चूक नाही. राहू द्या.

बाईंवर तसाही गाव नाराज होता.
नगरपालिकेला हवं होतं कौलारू छप्पर,
टोकं वर वळलेली, फोटोत उठून दिसणारी.
बाईंनी दिलं सपाट काँक्रीट.
वार्ताहराने विचारलं, यात आपलं असं काय आहे?
बाईंनी बूट काढून ठेवले,
त्याला म्हणाल्या, तुम्हीही काढा.
त्याला वाटलं, विषय टाळतायत.

लाकडाचं काम एवढंच: पुढचा ओटा आणि त्याचे चार खांब.
त्यासाठी म्हातारे प्यो दोक-सू आले, आपली करवत घेऊन.
ओढ्यातला ओबडधोबड दगड, त्यावर खांब उभा करायचा.
दगडाला छिन्नी लावायची नाही.
दगडाचे उंचवटे, खळगे
शाईने खांबाच्या तळावर उतरवायचे
आणि तेवढंच लाकूड कोरायचं.
एका खांबाला तीन दिवस.
आमचा मुकादम वैतागला: आजोबा,
दगडच सपाट करा ना, अर्ध्या तासाचं काम.
प्यो म्हणाले, दगड आधी आलाय.

जेवणाच्या सुट्टीत ते आतल्या भिंतीशी उभे राहिले.
काँक्रीटवर साच्याच्या फळ्यांचे ठसे,
रेषा, गाठी, सगळं जसंच्या तसं.
त्यांनी तळवा फिरवला.
लाल पाइन, म्हणाले. उत्तरेच्या उताराचा. हळूहळू वाढलेला.
आम्ही गप्प.
त्या फळ्या आम्ही नोव्हेंबरात पत्र्याच्या पिंपात जाळल्या होत्या,
हात शेकायला.

कोपऱ्याचं मात्र मला फार उशिरा कळलं.

आमच्या जुन्या घरात चूल स्वयंपाकघरात,
धूर खोलीच्या जमिनीखालून वाहायचा,
आणि चुलीकडच्या भिंतीलगत
तेल पाजलेला जमिनीवरचा कागद भाजून तपकिरी व्हायचा.
ती जागा आरेनमोक.
तिथे आजोबा. तिथे आजारी माणूस, तिथे पाहुणा.
रात्रपाळीहून येणाऱ्या बाबांच्या भाताची पितळी वाटी
तिथेच, गोधडीच्या पोटात.

सतराव्या मजल्यावर राहायला आलो
तेव्हा आई तळव्याने जमीन चाचपत फिरली,
या खोलीतून त्या खोलीत, गुडघ्यांवर.
मी ऐटीत म्हणालो, आई, नळ मीच टाकलेत,
कुठेही बस, सगळीकडे सारखंच.
ती म्हणाली,
मग पाहुण्याला बसवायचं कुठे?

मी हसलो होतो.

उद्घाटनाला भाषणं झाली, परंपरा हा शब्द
अकरा वेळा आला. मी मोजला.
बोलताना सगळे वर, छपराकडे बघत होते,
हवं ते तिथे नव्हतं म्हणून जरा खट्टू.

जानेवारीत, उणे चौदा असताना,
काम नव्हतं म्हणून गेलो.
बूट फळीवर ठेवले, मोज्यांनी आत.
मोठी खोली जवळजवळ रिकामी.
सगळी माणसं ईशान्येच्या कोपऱ्यात:
भाजीवाली आजी, डोळे मिटून,
परीक्षेची पोरं पुस्तकांवर ओणवी,
एक तरुण बाई, मांडीवर बाळ.
कोणी त्यांना सांगितलं नव्हतं.
पाण्याला उतार सापडतो तशी ती आली होती.

मी कडेला उभा राहिलो. सांगावंसं वाटलं,
हे नळ माझे, आणि मी याला चूक म्हणालो होतो.

एका पोराने पुस्तकातून मान वर न काढता
थोडं सरकून
मला जागा दिली.