पहिले दीड हजार

इक्रामभाईंनी बॉनेटवर हात ठेवला,
ताप बघावा तसा,
आणि म्हणाले, दीड हजार किलोमीटर
हिच्यामागे काही बांधायचं नाही.
एकाच वेगानं चालवायची नाही.
उभी ठेवून घरघरवायची नाही.
चढावर वरच्या गियरमध्ये कण्हायला लावायची नाही.
"अभी रिंग और सिलिंडर की पहचान नहीं हुई,
थोडा घिसने दो आपस में."

केसरबाग रोडला, घरामागच्या आवारात
ट्रेलर उभा. चाकाखाली वीट,
ताडपत्रीखाली जनरेटर,
ज्याच्या जिवावर बावीस वर्षं
दुसऱ्यांच्या मांडवांत उजेड पडतोय.
ग्यारस एकवीस दिवसांवर,
आणि त्या एका रात्रीची तीन लग्नं
मी घेऊन बसलेला.

दूध आणायला निघालो तरी वाटेत
दोन कामं जोडून घेणारा माणूस मी.
आता रोज सत्तर किलोमीटर
कशासाठीच जायचं नव्हतं.

हेमांगी म्हणाली, मी बसले तर चालेल,
की मीही वजनात?
फोन लावला. इक्रामभाई हसले,
साठ किलो माफ.
अठ्ठावन्न, ती म्हणाली,
आणि दार ओढून घेतलं, दोनदा,
नवं दार पहिल्यांदा लागतच नाही.

सांवेर. हातोद. देपालपूर.
रस्त्याच्या अर्ध्या पट्टीवर सोयाबीन वाळत पडलेलं,
उरलेल्या अर्ध्यावर आम्ही,
चाळीस, साठ, पंचेचाळीस, सत्तर,
आठवत आठवत गोष्ट सांगावी तसे.
सीटवरचं प्लास्टिक तिनं काढू दिलं नाही.
मागचा हौदा रिकामा, त्यात एकच
पूजेचा नारळ, वळणावळणाला
कूस बदलत.

सातशेच्या आसपास, मानपूरचा घाट चढताना,
कापसानं फुगलेल्या एका जुन्या ट्रकनं
भोंगा वाजवून आम्हाला मागे टाकलं.
मी पाय दाबला नाही.
तेव्हा खिडकीबाहेर बघत ती म्हणाली,
मी देवासहून आले, त्याच्या तिसऱ्या दिवशी
तुमच्याकडे चाळीस पानं होती.
तुझ्या आत्यानं पुरणाचं पातेलं दाखवलं फक्त.
मला नाही कुणी दिले दीड हजार.
मीटर वाचावा तसं म्हणाली.

मी तिसरा टाकला. मग दुसरा.
बोलण्यासारखं काही सापडेना,
इंजिनच बोलत राहिलं एकटं,
जरा कमी खरखरत, असं मला वाटलं.

महूला चहा प्यालो. पेला ठेवून
तिनं हात पुढे केला: किल्ली.
तिचं लायसन सतरा वर्षांचं,
साड्यांच्या कपाटात, घडीला घडी लागलेलं.
पुढचे आठशे बहुतेक तिनंच चालवले,
माझ्याहून हलक्या पायानं.
हे इक्रामभाईंना अजून सांगितलेलं नाही.

तेल काढलं ते काळं निघालं.
त्यांनी थेंब बोटावर घेऊन उन्हात धरला.
आत चमक, चिमूटभर,
पेढ्यावरच्या वर्खासारखी.
"इतना तो जाता ही है."
कुणाचं गेलं, रिंगचं की सिलिंडरचं,
ते त्या बोटावरून कळेना.

ग्यारशीच्या दुपारी हुकच्या गोळ्याला ग्रीस लावलं.
ट्रेलर बसला. गाडीची पाठ
चार बोटं खाली गेली आणि तिथे थांबली.
मागच्या दिव्यांची तार कुठली कुठे, ते बघायला
पुस्तिका उघडली. शेवटच्या कोऱ्या पानावर
तिचं अक्षर:

२१२. गौतमपुरा. शिंगाडे घेतले, कोवळे निघाले.
४६०. डावा आरसा याला लावता येत नाही.
७०४. घाट. बोलले.
७०५. काही नाही.
११३०. एकटी. सिमरोलपर्यंत आणि परत.
१५०३. तेल.

खाली पट्टीनं आखलेल्या आणखी ओळी,
पान संपेपर्यंत.

मी हॉर्न वाजवला.
वरच्या खिडकीतून आवाज आला,
आले, आले.
आधी वीट काढ.