किल्ली देण्याआधी

किल्ली देते. थांबा की जरा.
चपला काढून आत या,
पायाखाली बघा, ही जाळी.
गॅस जड असतो, धुरासारखा वर जात नाही,
रुसलेल्या पोरागत खाली बसून राहतो,
मग या जाळीतून रस्त्यावर उतरतो.
मुंग्या येतात म्हणून कुणी बारदान कोंबलं इथं
तर गाडी विकली असली तरी मी येऊन उपसून काढीन.

हे जेकार्डवर जॉबर होते,
अक्कलकोट रोडला. चादरीवर मोर उठवायचे.
कारखाना बंद झाला, हिशोबाचे पैसे आले,
त्यात हा जुना ट्रॅव्हलर.
गल्ली म्हणाली, बत्तुल घराला चाकं लावतोय,
उद्या चुलीला शेपूट लावील.

मी विड्या वळायचे. रोज हजार.
एकतीस वर्षांत एकही पेटवली नाही.
दुसऱ्यांची आग सुपात घेऊन बसले नुसती.

नळीच्या सांध्याला साबणाचा फेस लावायचा, दर अमावस्येला.
फुगा आला तर शेगडी बंद.
कडक भाकरी आणि शेंगाचटणी
असल्या दिवसासाठीच असते.
गाडी चालू, सिलिंडर बंद.
यात वाद नाही.

ती काळी फळी, मघाशी विचारलीत ना?
मे महिना. होटगी रोडला ओळखीच्या शेतात गाडी लावलेली,
रात्रीही पत्रा तव्यासारखा.
फ्रिजमागची वायर
खड्ड्याखड्ड्यानं घासत घासत उघडी पडलेली.
माझं नाक तंबाखूनं कधीच मारलंय,
आमटी करपली तरी सांगत नाही.
मला कळलं ते तळपायाला.
वर जावयानं बसवलेला धुराचा डबा,
गप्प.
मिरचीची फोडणी दिली की कोकलायचा,
म्हणून ह्यांनी त्याचे सेल काढून
एक भिंतीवरच्या घड्याळात घातला, एक रेडिओत.
धूर भरत होता
आणि घड्याळ बरोब्बर वेळ सांगत होतं.
तीन वाजून दहा.

दार फ्रिजला लागून. तिकडं जाळ.
मागच्या खिडकीची कडी कधी कुणी उघडलेलीच नाही,
गंजून बसलेली.
हे गादीखाली हात घालून, चादर, चादर!
पहिल्या मोराची, नमुन्याची.
मी तेलुगूत जे बोलले
ते तुम्हाला नको सांगायला.
कडी उघडायला किती वेळ लागला?
मला काय विचारता. घड्याळाला विचारा.

बाहेर पडून ह्यांनी आधी बॅटरीची वायर तोडली,
मग दार उघडून, नुसता हात आत घालून,
हा लाल बंब ओढला.
म्हणून तो दारापाशी. शेगडीपाशी नाही.
काटा हिरव्यात हवा.
महिन्यातून एकदा उलटा धरून पाठीवर थोपटा,
बाळाची ढेकर काढतो तसं,
नाहीतर आतली पूड बसते, दगड होतो.

चादर वाचली.
मोराला तेवढा एक डोळा नाही.
ती नाही देणार, हं.

आता बॅटरीशेजारी फ्यूज आहे, वायरींना रबरी नळी आहे.
पडदे सुती. पेटतील तेही,
पण वितळून अंगाला चिकटणार नाहीत.
डबा आता कोकलतो. कोकलू द्या,
खिडकी उघडा आणि फोडणी द्या.
घड्याळ बंद आहे. त्यात सेल घालू नका,
घालायचाच तर नवा आणा, ह्या डब्याचा नको.

हे बाहेर लिंबाखाली बसलेत, इकडं बघत नाहीत.
गुडघे गेले, क्लच दाबवत नाही.
त्यांना काही बोलू नका.

किल्ली? ही काय, माझ्या मुठीत.
आधी तुम्ही दोघं पलंगावर आडवे व्हा.
लाजू नका, माझ्या लेकीएवढी आहे ती.
डोळे मिटा. गच्च.
आता उठा, मागची खिडकी चाचपा, कडी काढा.
मी आकडे म्हणते.

नाही, तिकडं नाही.
परत.