राखीव

कॅनडा कॉर्नरच्या दुकानात संकलेचा म्हणाला,
साडेआठशे वॅटचा घ्या ताई, आरामात चालेल.
आरामात हा शब्द नानांना आवडत नाही.
तेहतीस वर्षं एकलहऱ्याच्या कंट्रोल रूममध्ये काढलेला माणूस
असं काही ऐकलं
की आधी चष्मा पुसतो.

मी कागद काढला.
कार्ड एक, तीनशे वीस.
कार्ड दोन, तेवढंच
(हे सुयोगचं जुनं, अंगात जरा उष्णता जास्त).
प्रोसेसर एकशे सत्तर.
पंखे, डिस्क, किरकोळ साठ.
आठशे सत्तर.
संकलेचाने कॅल्क्युलेटर उलटा ठेवला:
सगळं एकदम फुल थोडीच चालतं?

चालतं.
दिंडोरीच्या बागांतली चाळीस हजार पानं आहेत माझ्याकडे,
पाठीकडून आणि पोटाकडून फोटो काढलेली,
आणि या दोघांनी रात्रभर बसून शिकायचंय
डावणी कुठली, भुरी कुठली,
आणि कुठला नुसताच फवारणीचा डाग.
रात्रभर. एकदम. फुल.

नाना म्हणाले, ही बेरीज सरासरीची.
झटका किती?

मी वाचलं होतं, सांगितलं नव्हतं:
पापणी लवायच्या आत
कार्ड कधीकधी दुप्पट ओढतं
आणि काहीच न झाल्यासारखं परत जागेवर येतं.

मग त्यांनी ती रात्र काढली, बहुधा चौथ्यांदा.
शेजारचा संच पडला, त्याचं ओझं
बाकीच्यांकडे वळलं.
झेपेल का, असं वीज विचारत नाही हो.
ज्याच्याकडे राखीव होतं तो उभा राहिला.
आणि तुमचा? संकलेचाने विचारलं.
पडला, नाना म्हणाले,
आणि शोकेसकडे बघू लागले.

बाराशेचे दोन खोके आले काउंटरवर.
दोन्हींवर गोल्ड छापलेलं.
सोनं नाही हे, नाना मला म्हणाले,
वाया किती जातं त्याचा हिशोब.
मग कलिंगड घेतात तसे
एकेक हातात तोलून पाहिले,
डोळे मिटून, गिऱ्हाईकं खोळंबलेली असताना.
जड तो ठेवला. आत काहीतरी आहे याच्या.
आणि केबली मोजल्या:
प्रत्येक कार्डाला आपली वेगळी हवी,
एका वायरीला दोन तोंडं नकोत.

साडेअठरा हजार.
नव्या कॅबिनेटचे पैसे त्यातच गेले,
जुन्याचं एका बाजूचं झाकण
तसंही लागत नव्हतं.

पाथर्डी फाट्याला रिक्षा वळेपर्यंत
खोकं त्यांच्या मांडीवर,
आणि मला पहिल्यांदाच सुचलं की
खोलीतला प्लग सहा अँपियरचा आहे.
नानांना ते दुकानात शिरण्याआधीच सुचलं होतं.
पंधराचा पॉइंट एकच मोकळा होण्यासारखा,
पॅसेजमध्ये, वॉशिंग मशीनचा.
आई म्हणाली, किती दिवस?
मी म्हटलं, आठ.
तिने चादरी बादलीत टाकल्या
आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,
पिळायला येशील ना.

रात्री सव्वादोनला उठले तर
नाना पॅसेजमध्ये खुर्ची टाकून,
कानटोपी, शाल, दिवा नाही.
दोन्ही कार्डांचे पंखे घोंगावत होते.
तळाच्या डब्याचा आवाज वेगळा काढता येत नव्हता.
मला येतो, ते म्हणाले.
पडदा बघितला: सत्तावीस हजार पानं झाली होती,
एका पानाला डावणी म्हटलं होतं
जे मी स्वतः निरोगी म्हणून टाकलं होतं.
मी जवळ जाऊन पाहिलं. कडेला,
शिरेपाशी, तेलकट पिवळं,
नखाएवढं.

ते वाकले.
उघड्या बाजूने हात आत नेला,
तळवा नाही, उलटा हात,
चिकटला तर सुटता येतं म्हणून लाइनमन करतात तसा,
ताप बघतात तसा,
डब्याच्या पाठीवर ठेवला.
बराच वेळ.

कोमट आहे, म्हणाले.
चालू दे.